मातीबाईंचं वाचनालय

कामावरचे गवंडी तिला तोंडावर 'मॅडम' म्हणायचे आणि पाठीमागे 'मातीबाई'. तिला ते ठाऊक होतं, आवडतही होतं. आर्किटेक्ट झाल्यापासून तिचा एकच ध्यास: सिमेंट कमी, माती जास्त आणि यंत्राशिवाय गार राहणाऱ्या इमारती. पण सुरुवातीला कामं मिळाली ती नातेवाइकांची, तीही कुणाची कंपाउंडची भिंत, कुणाचं गॅरेज. राहतं घर कुणी तिच्या हाती देईना. "चांगली ऐपत असताना मातीत कशाला राहायचं?" असं खुद्द तिच्या सासूबाईच चारचौघांत म्हणत.

मग सार्वजनिक वाचनालयाची नवी इमारत तिच्याकडे आली. ती तिनं जीव ओतून बांधली. माती दाबून केलेल्या, न भाजलेल्या विटांच्या जाड भिंती, पुढे आलेलं छप्पर, वरच्या दालनात छताखाली झरोक्यांची रांग. रात्री झरोके उघडे ठेवायचे, म्हणजे भिंती थंड होतात. सकाळी बंद केले की दिवसभर दालन गार. उद्घाटनाला पाहुण्यांनी भिंतींवरून हात फिरवले, फोटो काढले.

उन्हाळा लागला आणि पहिली तक्रार घरातूनच आली. सासूबाई रोज दुपारी तिथे पेपर वाचायला जात.

"भट्टी आहे गं ती, भट्टी," रुमालानं मान पुसत त्या म्हणाल्या.

"आई, एवढ्या जाड भिंती तापतील कशा?"

"ते भिंतींना विचार. घाम मला आलाय."

आठवड्याभरात वाचनालय समितीच्या अध्यक्षांनी बोलावलं. "प्रयोग झाला तेवढा पुरे. एसी बसवून टाकू."

तिला राग आला, पण तो गिळून तिनं महिनाभराची मुदत मागितली. मग रोज दुपारी आपलं काम घेऊन ती वरच्या दालनात बसू लागली. लोकांना एसीची चटक लागलीय, असं पहिले एक-दोन दिवस तिनं मनाला समजावलं. तिसऱ्या दिवशी तिच्याच कपाळावरचा घाम नकाशावर टपकला.

चौथ्या दिवशी सकाळी वाचनालय उघडताच तिनं भिंतीला हात लावला. रात्र सरूनही भिंत कोमटच होती. वर पाहिलं, तर झरोके बंद.

"रात्रीचे उघडत नाही का तुम्ही?" तिनं ग्रंथपालांना विचारलं.

"उघडत होतो की. कबुतरं आत यायला लागली. पुस्तकांवर सगळी घाण. शिवाय रोज शिडी चढायची म्हणजे माझे गुडघे..."

वाऱ्याची दिशा, झरोक्यांचं माप, सगळं तिनं काटेकोर काढलं होतं. ते रोज उघडणार कोण, हा प्रश्न तिला पडलाच नव्हता.

मग झरोक्यांना जाळ्या बसल्या, खालून ओढायच्या दोऱ्या आल्या. दालन गार झालं, पण पश्चिमेचा कोपरा तापतच राहिला. टेकडी दिसावी म्हणून तिथे तिनं हौसेनं मोठी खिडकी ठेवली होती. ऊन अडवायला त्या खिडकीबाहेर लाकडी पट्ट्या ठोकून घेताना तिचा जीव तुटला. टेकडी अर्धी झाकली गेली.

"टेकडी बघायला कोण येतंय? लोक पेपर वाचायला येतात," सासूबाई म्हणाल्या.

जुन्या हस्तलिखितांच्या खोलीत मात्र एसी लावायला तिनंच सांगितलं. "शेवटी हरलीस ना?" एका मैत्रिणीनं चिडवलं.

"दमट हवेनं कागदाला बुरशी येते. माझ्या हट्टापायी पुस्तकं का सडवू?" ती म्हणाली.

महिना संपला तेव्हा अध्यक्ष भर दुपारी वर येऊन बसले आणि चक्क पेंगले. एसीचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढच्या वर्षी तिला दवाखान्याचं काम मिळालं. पहिल्याच भेटीत तिनं विचारलं, "इथल्या खिडक्या रोज कोण उघडतं?"

डॉक्टरांना सांगता येईना. त्यांनी आयाबाईंना हाक मारली.