गोदाबाईचं हसू

शालिकराम अमरावतीच्या कापूसबाजारात पहिल्यांदा प्रकटला तो शिंकत. गाडीवरच्या कापसात गाढ झोपला होता; नाकात पुंजका गेला आणि त्यानं अशी शिंक दिली की बैल दाव्यासकट उधळले, तीन दलाल आडवे झाले आणि गाडीभर कापूस आभाळात गेला. बडनेऱ्याच्या म्हाताऱ्यांनी तो पाहून ढग आले म्हणत अंगणातल्या कुरडया उचलल्या, असं सांगतात. सगळा बाजार पोट धरून हसत होता. हसला नाही तो एकटा, खेळासाठी आलेला नत्थुजी.

नत्थुजी माळी अकोल्याचा. सकाळी मळ्यात वांगी, संध्याकाळी खड्या गमतीत, म्हणजे मैदानातल्या तमाशात, सोंग. नाकावर वाळक्या भोपळ्याचा तुकडा बांधून तो कंजूष सेठ व्हायचा आणि चाकराला झोडपायचा. बोलणं लिहिलेलं नसे. मैदानात सुचेल ते बोलायचं, आणि काहीही झालं तरी सोंग सोडायचं नाही, एवढाच दंडक. अमेरिकेत लढाई जुंपून तिकडचा कापूस थांबल्यापासून वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते, आणि खिसा गरम झालेल्या माणसाला कंजूष सेठ फार आवडतो. गावंच्या गावं नत्थुजीला हसत. हसत नसे ती फक्त त्याची बायको. गोदाबाई आपल्या बैलांच्या दमणीत बसून अख्खा खेळ असा पाही, जणू समोर कोणी वांगी निवडतंय.

मग फडाच्या नाईकानं, खुशालरावानं, त्या शिंकणाऱ्याला चाकराचं सोंग दिलं. पहिल्याच खेळात शालिकराम चालता चालता आपल्याच धोतरात अडकला, आणि दमणीतून एक हसू आलं. नत्थुजीनं ते कधी ऐकलेलं नव्हतं, तरी कोणाचं ते त्याला लगेच कळलं.

त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. त्यात गोदाबाईनं त्या पोराला जेवायला बोलावलं.

"घ्या ना अजून भाकर, शालिकराम भाऊ," ती म्हणाली.

"वयनी, भरीत असं झालं का बोटं खाऊन राहिलो मी!"

गोदाबाई पदर तोंडाला लावून हसली. नत्थुजीनं भाकरीचा तुकडा असा मोडला, जणू ती शालिकरामची मान होती.

चैत्रात अकोल्याला, गावाबाहेरच्या पडीत वावरात, मोठा खेळ ठरला. दिवस कलला तशा दमण्या येऊन गोल उभ्या राहिल्या. सेठाची मारायची काठी मधोमध चिरलेल्या बांबूची असे. आवाज फटाक्याचा, मार पिसाचा. नत्थुजीनं त्या दिवशी ती गाडीखाली सरकवली आणि बैल हाकायची बाभळीची उचलली. पोरगं बोंबलेल, सोंग टाकून पळेल, मग पाहू कोण हसतं.

पहिला तडाखा बसला. शालिकराम खराच बोंबलला. पण दंडक म्हणजे दंडक! पाठ चोळत तो लोकांकडे वळला.

"पाहा बावा, पाहा! ह्या सेठाच्या घरी जेवलो मी. बायकोले वांगी देते, पन देठ मोजून देते!"

हशानं मैदान फुटलं. नत्थुजीनं दुसरा हाणला.

"अन् रात्री उठून पाह्यते, दिव्यातलं तेल उंदरानं पेलं का बायकोनं!"

जितकं मारावं तितकं पोरगं उड्या मारी, आणि उडी तितकी विनोदी होई. नत्थुजीच्या जन्मात असा खेळ रंगला नव्हता. दमणीत गोदाबाई हसून हसून कठड्यावर आडवी झाली होती आणि शेजारची पार्वताबाई तिला वारा घालत होती.

घरी आल्यावर नत्थुजीला राहवेना.

"त्या पोट्ट्याले पाहून खिदळते. मी इतकी वर्सं सोंग करून राहिलो, मले काहून हसत नाई तू?"

गोदाबाई चूल सारवत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी सोंग कुठी करता? तुमी तं घरी बी असेच बोलता."

नत्थुजी तसाच उठून खुशालरावाकडे गेला आणि पुढल्या उन्हाळ्यात चाकर मी, सेठ शालिकराम, असं कबूल करून आला.

"तवा पाहू," गोदाबाई म्हणाली. पण म्हणताना तिच्या ओठाचा एक कोपरा हलला, असं नत्थुजीला वाटलं.

त्यानंतर पावसाळा, हिवाळा तो वांग्यांच्या सऱ्यांमधून तोल जाऊन पडायला शिकत होता. शालिकरामनंच शिकवलं. कोणत्या पायात धोतर अडकवायचं, पडताना हात कुठं ठेवायचे, सगळं. मळ्यातली निम्मी रोपं चेंगरली.

पुढल्या उन्हाळ्यात अमेरिकेतली लढाई संपल्याची बातमी आली, कापसाचा भाव बसला, लोकांचे खिसे रिकामे झाले, आणि खेळ झाला नाही.