उजवी नळी थोरल्याची

आमच्या घरात बंदुकीचीबी वाटणी झालीय. कॉलेजात सांगितलं तर कुणाला खरंच वाटत न्हाई. चुलता मिलिटरीतनं रिटायर झालेला, बारा बोरची दुनळी त्याच्याच लायसनवर. पण घेतली दोघा भावांनी मिळून, मग विहिरीच्या पाण्याची पाळी असती तशा नळ्याबी वाटल्या. उजवी थोरल्याची, म्हंजे आमच्या वडलांची. डावी चुलत्याची. उडवणार चुलताच, पण ज्याची नळी त्याच्या पसंतीचं काडतूस, आन् पयला बार थोरल्याचा.

यंदा कोरेगावच्या आमच्या रानात ऊसतोड चालली आन् शेवटच्या पट्ट्यात रानडुक्कर अडकलं. आधीच त्यानं एका तोडणीवालीची पोटरी फाडलेली. वनखात्याची परवानगी काढलेली हुती. मी ट्रॉलीवर चढून बघत हुते, खाली बांधावर दोघांची जुंपलेली.

"चार नंबर घाल," वडील म्हणालं. "बारीक छर्रं, लय असत्यात. एक तरी लागंल."

"आवं दादा, चार नंबर तितराला. डुकराला नुसती खाज सुटंल. दोन्हीकडं एलजी घालू, मोठा छर्रा हाय, हाडात घुसतो."

"तुझ्या नळीत घाल की एलजी. माझ्या नळीत नाक खुपसू नगं."

चुलत्यानं बंदूक उघडली. उजवीत चार नंबर घातलं, डावीत एलजी.

मागनं गड्यांनी डबं बडवलं तसं डुक्कर ऊस मोडत भायेर आलं. पयला बार झाला. खांद्यावरचं केस उडालं, छर्रं कातड्यातच अडकलं, आन् पळायचं सोडून ते वळलं, सरळ वडलांवर. वडील पाचटात उताणं पडलं. मांडीत सुळा खुपसून ते मान झटकत हुतं, दर झटक्याला रगात उडत हुतं पाचटावर.

"मार की रं," वडील वरडत हुतं.

चुलत्याला मारता येईना. लांबनं एलजी फाकतं, डुकराबरुबर भाऊबी गेला असता. तो पळतच गेला, डुकराच्या बरगडीत गुडघा रोवला, कानामागं नळी टेकवली, तिचं तोंड जमिनीकडं केलं आन् चाप वढला. अर्धं डोस्कं गेलं. तरी पाय झाडतच हुतं.

मी ट्रॉलीवरनं उडी टाकली आन् ओढणी मांडीला आवळली, लय जोरात. जीपमधी वडलांचं डोकं चुलत्याच्या मांडीवर.

"माझा बार लागला का न्हाई?"

"लागला की. म्हणून तर डुक्कर आलं तुमाला भेटाय."

आता वडील लंगडत्यात. परवा बांधावर परत खुरं उमटलेली दिसली. चुलत्यानं काडतुसं भरायला बंदूक उघडली आन् वडलांकडं बघितलं. वडलांनी खिशातलं चार नंबर काढलं, जरा बघितलं आन् परत खिशात ठेवलं.

"माझ्या नळीतबी एलजीच घाल," म्हणालं. "पण पयला बार माझाच."