शुगर हाय की

माझ्या मुलीचं जवळजवळ ठरलेलं लग्न मी मोडलं, कारण ‘ला’ हे एक अक्षर मला ऐकू आलं नाही.

मी एका फौंड्रीत तपासणी खात्यात आहे. ओतून आलेला भाग मापात आहे की नाही, हे बघणं माझं काम. सत्तावीस वर्षांत कुणाच्या तोंडी शब्दावर मी एकही भाग पुढं सोडलेला नाही. घरीही मी तसाच. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत आणि त्यातली नववी अर्धा इंच उंच आहे, हे मी पाहुण्यांना चढण्याआधीच सांगतो. (पाहुणे तरीही तिथंच अडखळतात. सांगितल्यामुळंच अडखळतात, असं माझ्या बायकोचं, सुनंदाचं मत आहे.)

तर गडहिंग्लजचं स्थळ आलं. मुलाचं नाव अमोल. बायोडाटात लिहिलं होतं : ‘प्रायव्हेट कंपनीत केमिस्ट.’ मुलगा वडिलांबरोबर आला आणि नवव्या पायरीवर न अडखळता वर आला. मला तिथंच तो निम्मा पसंत पडला. मी त्याला उंची, जन्मवेळ, घरापासून कंपनीचं अंतर (चौदा किलोमीटर) आणि पाळीचे तास विचारले. कंपनीचं नाव विचारायचं राहून गेलं, कारण त्यात आकडा नव्हता.

मुलानं पेढा बाजूला ठेवला आणि चहा बिनसाखरेचा मागितला. मग माझी मुलगी केतकी आणि तो गच्चीवर बोलायला गेले. बावीस मिनिटांनी खाली आले तेव्हा केतकी हसत होती. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर रक्ताच्या नळ्या बघून घरी आलेली मुलगी सहसा हसत नाही. आधीची सहा स्थळं तिनं नाकारली होती. या वेळी मात्र आईला म्हणाली, “चालेल मला.”

आता फक्त चौकशी उरली. ती माझ्याकडं होती.

गडहिंग्लजला माझे सख्खे मामा राहतात, दत्तूमामा. त्यांना फोन लावला तेव्हा ते एसटी स्टँडवर उभे होते. मागं गाड्यांचा गोंगाट.

“मामा, ते अमोल म्हणून पोरगं कसं आहे?”

“एक नंबर पोरगं. शुगर–” इथं एका गाडीनं हॉर्न मारला. “–हाय की!”

“शुगर?”

“व्हय. पाच वर्सं झाली.”

“इतक्या लहान वयात?”

“ल्हानपणीच लागलं. आता कायम झालंय. बापाचीबी उभी हयात त्यातच गेली.”

मी खुर्चीवर बसलो. म्हणजे आनुवंशिक.

“त्रास कितपत आहे मामा?”

“दिवाळी झाली की वाढतो, पार शिमग्यापतुर. जेवायची शुद्ध नसती. उन्हाळ्यात मग निवांत.”

दिवाळीतला फराळ. माझ्या डोक्यात सगळं जागच्या जागी बसलं.

पण मी एकाच्या शब्दावर जाणारा माणूस नव्हे. मी आजऱ्याला माझ्या मेहुण्याला फोन केला. त्याचा काजूचा व्यवसाय असल्यामुळं त्याचं गडहिंग्लजला जाणं-येणं असतं.

“अरे, त्या अमोलला शुगर आहे असं कळलं. खरं का?”

“आयला. दाजी, तुमी म्हणताय म्हंजे असणारच की. तुमी काय उगंच बोलताय व्हय?”

पलीकडून त्याच्या बायकोचा आवाज आला, “व्हय व्हय. भावजी बघितल्याबिगार बोलत न्हाईत.”

मी कागदावर तीन साक्षीदार मांडले. खाली पेढा, चहा आणि वडिलांची किरकोळ अंगकाठी. सहापैकी सहा. फौंड्रीत मी यापेक्षा कमी पुराव्यावर अख्खा लॉट परत पाठवलेला आहे. (त्या सहांतले दोन साक्षीदार माझाच आवाज मला परत ऐकवत होते, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. स्वतःचा आवाज इतका पटतो की त्यावर शंका घ्यावी असं कुणाला सुचत नाही.)

कागद सुनंदाला दाखवला. ती म्हणाली, “नीट ऐकलंत ना? एकदा त्यालाच विचारा की.”

“असं विचारतात होय? परक्या पोराच्या आजाराचा बोभाटा आपण करायचा नाही. केतकीलासुद्धा नाव सांगायचं नाही. शपथ आहे तुला.”

ही माझी सचोटी. तिच्यामुळं पुढचं सगळं घडलं.

केतकीला एवढंच सांगितलं की तब्येतीची अडचण आहे.

“कसली तब्येत? रिपोर्ट आहे का?”

“रिपोर्ट नाही. खात्रीची माहिती आहे.”

“बाबा, मी लॅबमध्ये आहे. खात्रीची माहिती घेऊन रोज पन्नास माणसं येतात. रिपोर्ट वेगळाच निघतो. मी विचारू त्याला?”

“अजिबात नाही.”

ती म्हणाली, “तुम्ही तपासलंय ना? मग ठीक आहे.”

हे वाक्य मला अजून बोचतं. भांडली असती तर बरं झालं असतं. लहानपणापासून तिनं मला प्रत्येक गोष्ट मोजून घेताना पाहिलं होतं, म्हणून तिनं विश्वास ठेवला.

मग मुलाच्या वडिलांना फोन केला.

“पत्रिका जुळत नाही.”

“आमी पत्रिका बघतच न्हाई, पावणं.”

“आम्ही बघतो.” (आमच्या घरात आजवर पाहिली गेलेली एकमेव पत्रिका म्हणजे लग्नाची.)

“पोराला मुलगी लई आवडलीया. दुसरं काय मनात असंल तर मोकळ्यापणानं बोला. राग न्हाई यायचा.”

माणूस दार उघडून उभा होता. मी म्हणालो, “नाही, फक्त पत्रिका.”

चार महिन्यांनी दत्तूमामा डोळे दाखवायला कोल्हापूरला आले. दुपारी जेवायला आमच्याकडं. केतकी वाढत होती. मामांनी भाकरी मोडली आणि सहज म्हणाले, “त्या अमोलचं लगीन झालं की गेल्या आयतवारी. लई माणूस. शुगरची झाडून समदी आलती. चेअरमनपासनं पार शिपाई-चिटबॉयपतुर.”

मी विचारलं, “शुगरची माणसं म्हणजे?”

“कारखान्याची रं! पोरगं शुगरला हाय, मी तुला फोनवर न्हाई का सांगितलं? ल्याबमदी. बापबी तितनंच रिटायर झालाय.”

“आणि दिवाळीनंतर वाढतं ते?”

“काम वाढतं. उसाचं गाळप सुरू हुतंय की. तुला काय वाटलं?”

मला काय वाटलं ते मला सांगावं लागलं. मामा हसता हसता ठसकले. सुनंदानं पाणी दिलं. केतकी हसली नाही. तिनं भाकरीची टोपली खाली ठेवली.

“तो साखर कारखान्यात आहे हे मला माहीत होतं,” ती म्हणाली. “गच्चीवर त्यानंच सांगितलं होतं. दिवसभर साखरेचे नमुने तपासून गोड नकोसं होतं म्हणाला. म्हणून चहा तसा.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही रोगाचं नाव सांगितलंत का?”

उत्तर घरातच होतं. माझ्यापासून बारा फुटांवर, स्वयंपाकघरात. मी मात्र आजऱ्यापर्यंत फोन लावत होतो.

तो कागद मी परत काढून बघितला. बेरीज बिनचूक होती. तीन अधिक तीन, सहा. सांगणाऱ्यानं नक्की काय सांगितलं, दुसऱ्यानं ते कुठून ऐकलं, आणि चहात साखर नको म्हणणाऱ्याला आजाराखेरीज दुसरं काही कारण असू शकतं का, हे तीन प्रश्न त्यावर कुठंच नव्हते. फौंड्रीत नवीन पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगतो, आधी मोजायची पट्टी तपासा, मग माल. घरात पट्टी मीच होतो. मला कोण तपासणार?

मी केतकीची माफी मागितली. मागताना तीनदा अडखळलो. ती म्हणाली, “चूक कुणाचीही होते, बाबा. पण मला विचारू द्यायला हवं होतं.” यावर माझ्याकडं आकडा नव्हता.

आता स्थळांची चौकशी केतकी स्वतः करते, समोरच्याला सरळ विचारून. गेल्या महिन्यात सांगलीचा एक मुलगा आला होता. तिनं त्याला नोकरी, कंपनीचं नाव, तब्येत, सगळं माझ्यादेखत विचारलं. त्यानं न अवघडता सांगितलं. मग त्यानंही विचारलं, “तुमच्या घरात कुणाला काही त्रास वगैरे?”

“आहे ना,” केतकी म्हणाली. “बाबांचा.”

या विधानाबद्दल मी नंतर सुनंदाला विचारलं, मेहुण्याला विचारलं, मामांनाही विचारलं. तिघांनाही स्वतंत्रपणे, एकमेकांना कळू न देता. या वेळी माहिती पक्की आहे.