लॅपटॉप खाली ठेव

"लॅपटॉप खाली ठेव. टेबलाच्या काचेला चरे पडतील."

सरांचं मुलुंडचं घर, सातवा मजला. आम्ही चार विद्यार्थी. तिघांचे लॅपटॉप टेबलावर, माझाच फरशीवर. म्हणजे मीही फरशीवर. बोलणारे सर आमचे मेंटॉर. एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे, फुकट, सगळ्यांना खुली. सुट्टीत विद्यार्थ्यांनी तिच्यासाठी कोड लिहायचा आणि मेंटॉरने शिकवायचं, असा तो उपक्रम. सरांनी मला शिकवलं ते एवढंच, मानखुर्दच्या वस्तीतल्या पोरीने कुठे बसायचं. आणि मी बसले. त्याचा राग अजून आहे. त्यांचा आहेच, माझा जास्त.

माझा लॅपटॉप भंगारातला. तीन मेलेल्या मशीनचे भाग जोडून मीच उभा केलेला. झाकण मिटलं की झोपायचा, उघडलं की उठायचाच नाही. का उठत नाही, ते शोधायला दीड महिना गेला. मोरीशेजारी स्टुलावर ठेवून दिवसभर झाकण उघड, मीट. आई ओरडायची, "अगं, बिजागरी तुटेल त्याची!" चूक त्या सिस्टीमच्याच कोडमध्ये निघाली, ती दुरुस्त केली आणि एका दुपारी उठला. मी घरभर नाचले. दुरुस्तीचा कोड, आम्ही त्याला पॅच म्हणतो, सरांना दाखवला.

"छान आहे. पण तुझं इंग्लिश लोकांसमोर नको. मी पाठवतो."

पाठवला. लेखक म्हणून स्वतःचं नाव टाकून! आईला सांगितलं, तर भांडी घासता घासता म्हणाली, "आयत्या बिळावर नागोबा. तू गप्प बसणारेस?"

पण आमच्या कामाची एक रीत आहे. पॅच मेलवर जातो, सगळ्या जगाला दिसतो. कोणीही प्रश्न विचारतं आणि पाठवणाऱ्याने तिथेच उत्तर द्यायचं. परदेशातल्या एका बाईंनी विचारलं, "कुठल्या मशीनवर तपासलंत?" सर काय सांगणार, कपाळ! ते मशीन त्यांनी टेबलावरही येऊ दिलं नव्हतं.

लगेच मला फोन.

"मॉडेल सांग ना पटकन."

"नाही सांगणार."

"पास-नापास माझ्या हातात आहे, विसरू नकोस."

"करा नापास."

मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये सगळ्यांना मेल लिहिला. पॅच माझा. मशीन माझं. दीड महिन्यातले फसलेले सगळे प्रयत्नही जोडले. पॅचवर माझं नाव लागलं. सरांनी मला नापास केलं.

केलं तर केलं. मी काम सोडलं नाही. पॅचमागून पॅच पाठवत राहिले. आज सिस्टीमच्या त्या भागात येणारा प्रत्येक पॅच मीच तपासते. गेल्या आठवड्यात सरांचा आला. इंग्लिश काय झकास! मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

सर, खोटी चूक काढणार नाही. खरी एकही सोडणार नाही. तुमच्या प्रत्येक पॅचला, सगळ्या जगासमोर, पहिला प्रश्न मीच विचारणार. कुठल्या मशीनवर तपासलंत? आणि उत्तर येईपर्यंत तुमचा पॅच फरशीवर बसेल.