साहेबांसाठी रंगवलेली वेस

मी आमच्या गावातला पहिला बी.ए. अमरावतीला कॉलेजात होतो तेव्हा गावचे माळी अकोल्याच्या बाजाराला जाताना माझ्यासाठी वांगी-मेथीची टोपली रेल्वेने धाडत. त्या टोपल्यांनीच मला पदवीधर केलं, असं मी आजही मानतो. म्हणून बाळापूरजवळच्या आमच्या गावची दगडी वेस पाडायची ठरली आणि ती वाचव म्हणत लोक माझ्याकडे आले, तेव्हा मला नाही म्हणवेना.

कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, हंगामात वेशीत अडकत, म्हणून रस्ता रुंद करायचा होता. वेस फार जुनी आहे असं पुराणवस्तू खात्याच्या नागपूरच्या साहेबांनी लिहून दिलं तरच ती वाचणार होती. मी इंग्रजीत तीन पानी अर्ज केला. साहेबांचं उत्तर आलं, येतो.

मी चावडीवर सांगितलं, "साहेब येताहेत. वेशीकडे नीट लक्ष द्या." आणि त्यांना आणायला दोन दिवस आधीच अकोल्याला गेलो.

बाळापूरपासून पुढे दमणीत, हलक्या बैलगाडीत, बसलो. वाटभर मी वेशीचे काळेभोर दगड, त्यावरचं शेवाळ, फटीतून उगवलेला पिंपळ, सगळं वर्णन करून सांगितलं. साहेब खूश होऊन मान डोलवत होते. दमणी नाल्याच्या वळणावरून वर आली आणि समोर वेस दिसली. पांढरीशुभ्र. नीळ घातलेला चुना, खाली गेरूचा पट्टा, पिंपळ साफ.

साहेबांनी टोपी काढली. "ही गेल्या दिवाळीत बांधलेली दिसते."

वेशीखाली माझी आत्या हातात कुंचा घेऊन उभी होती. नाकावरही चुना.

"आत्या, हे काय केलं?"

"काहून? सायेब येनार अन् वेस अशी कळकट ठेवाची? तूच त म्हनलं, नीट लक्ष द्या. सारं गाव दोन दिवस राबून राह्यलं!"

तिचं चुकलं नव्हतं. तहसीलदार येणार म्हटलं की आमच्याकडे रस्त्यावरचे दगडसुद्धा पांढरे होत. साहेब मात्र वही बंद करून दमणीकडे वळले. माझं तीन पानी इंग्रजी वाया गेलं.

"ओ सायेब," आत्या ओरडली, "वर कायले पाहता? खाली पाहा."

तिने पदराने उंबऱ्याची फरशी पुसली. चाकांनी दगडात दोन खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या.

"चुना आमी काल लावला. हे आमच्या बंड्यायनं घासलं. माह्या आज्याच्या आज्यापासून भाजी याच वाटेनं बाजारात जाते. इतकं घासाले किती वरसं लागन, ते तुमी सांगा. तुमी शिकेल हा."

साहेब उकिडवे बसले. त्यांनी चाकोरीत हात घातला तर मनगटापर्यंत गेला. मग ते हसू लागले आणि तिथेच बसून त्यांनी वही उघडली.

महिन्याभराने हुकूम आला. वेस राहील, रस्ता बाजूने जाईल, आणि चुना गावकऱ्यांनी स्वखर्चाने, दगडाला इजा न करता, काढावा.

हुकूम इंग्रजीत होता. तो मी वाचून दाखवला, एवढाच माझ्या पदवीचा उपयोग. पुढचा आठवडा मी शिडीवर उभा राहून काथ्याने चुना घासत होतो. आत्या खाली माठ घेऊन बसली होती.

"बी.ए., तिकडच्या कोपऱ्यात राह्यलं पाह. नीट लक्ष दे!"