ओन्ली फॅमिली
मेतकुटासाठी डाळी भाजल्याचा वास आला की ठाकुर्लीचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. न्यूझीलंडला कॅम्पर व्हॅनने, म्हणजे मागे झोपायची सोय असलेल्या गाडीने, फिरायचं ठरलं होतं. मी फोन स्पीकरवर ठेवला होता; विमा कंपनीच्या बाईंनी विचारलं, ड्रायव्हर किती? बाबा झटकन म्हणाले, "नो ड्रायव्हर, मॅडम. ओन्ली फॅमिली." मी हळूच म्हटलं, "बाबा, जो चालवणार त्याचं नाव हवंय, नाहीतर विमा लागू होणार नाही." "मग माझं एकट्याचं सांग." पन्नाशीत लायसन्स काढूनही गाडीची चावी कधी हाती न आलेल्या आईने डाळींखालचा गॅस बंद केला. "अहो, मीपण चालवणार," म्हणत तिने फोन घेतला आणि आपलं पूर्ण नाव स्पेलिंगसकट सांगितलं. "मग मी मागे झोपतो," बाबा पुटपुटले. "खुशाल झोपा!" मला अजूनही फोनवर माझं नाव दोनदा सांगावं लागतं, तिला एकदाच पुरलं होतं.