मेणाचा तास

मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या खुर्चीत कुमुदिनीबाईंचा डोळा लागतो आहे. मुठीत चिखलदऱ्याहून आणवलेला मेणाचा गोळा आहे. पुढच्या तासाला तो मुलांसमोर वितळवायचा. वास जातो, रंग जातो, आकार जातो, तरी हे तेच मेण असं आपण कशाच्या बळावर म्हणतो, हा एका फ्रेंच तत्त्वज्ञाचा जुना प्रश्न. हा तास दरवर्षी त्र्यंबकराव घ्यायचे आणि हटकून अंगठा भाजून घ्यायचे. त्याचा तिरका वण कायमचा राहिला होता. त्यांना जाऊन महिना झाला. नवरा गेला तरी बाईंच्या डोळ्यांतून टिपूस नाही, आतून सगळं बधिर. आज वर्गात उभं राहता येईल का, एवढीच धास्ती, आणि तीही दुसऱ्या कुणाची असावी तशी.

समोरची खुर्ची सरकते.

"कुमुद, काडेपेटी कुठंय?"

"अहो, ओट्यावर."

ओटा स्टाफरूममध्येच आहे. बाईंना त्याचं काही वाटत नाही. त्र्यंबकराव गॅस पेटवून पळीत मेण धरतात. ओट्यापलीकडे बाकं, बाकांवर मुलं, आणि सगळ्यांच्या मनगटांना दवाखान्यातले पट्टे.

"वास गेला, आकार गेला. उरलं काय?"

"मेण, सर!"

"आणि तुमचं काय उरलं?" बाई विचारतात.

"तू सकाळी चहाचे दोन कप का मांडतेस?"

"सवय."

ते खुदकन हसतात. जन्मभर दोघांचं यावरूनच वाजायचं. ते त्या फ्रेंच माणसाच्या बाजूचे, तेच मेण हे डोळ्यांना नाही, बुद्धीला कळतं म्हणणारे. बाई नंतरच्या एका स्कॉटिश तत्त्वज्ञाच्या, जो म्हणायचा की उद्या सूर्य उगवेल हेही आपण निव्वळ सवयीनेच मानतो.

"तुझंच खरं असेल," ते पहिल्यांदाच हार मानतात. "मग सवय मोडू नकोस." आणि मेणावर अंगठा दाबतात. "भाजलं बघ."

"फुंकर घालू?"

"निवलंय आता."

"मॅडम, पोरं वाट पाहून राहिले नं!" शिपाई शेवंताबाई दारात उभी आहे.

मुठीतलं मेण मऊ झालंय. त्यावर अंगठ्याचा ठसा आहे, मधोमध तिरका वण. बाई आपला अंगठा त्यात ठेवून पाहतात. कडेने जागा उरते.

वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलीने मेणबत्ती पेटवून ठेवली आहे. बाई मूठ उघडत नाहीत.

"आज वितळवायचं नाही," एवढंच त्या कसंबसं म्हणतात, आणि महिनाभर अडलेलं रडू भर वर्गात फुटतं.